साडेसात लाख किलोमीटर चाललेला ट्रेलर घ्यावा का?

जासई_नाका
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. इथे ट्रान्सपोर्ट लाइनमधले बरेच जण आहेत म्हणून विचारायचं धाडस करतोय.

माझा धाकटा भाऊ न्हावा शेवाच्या कंटेनर लाइनला दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहे. हात चांगलाय, व्यसन नाही, मालकच आता म्हणतोय की बाबा स्वतःची गाडी कर. एक गाडी समोर आलीये. २०१८ चं मॉडेल, ४०१८ हॉर्स (ट्रेलर ओढणारा पुढचा भाग), बीएस-४, कमिन्स इंजिन, सोबत कंटेनरसाठीचा ४० फुटी स्केलेटन (नुसत्या सांगाड्याचा) ट्रेलर, एकूण १८ टायर. मीटरवर ७ लाख ६० हजार. एकच मालक, पनवेल पासिंग. साडेतेरा मागतोय, तेरापर्यंत येईल असं भाऊ म्हणतो. आमच्याकडे साडेपाच लाख आहेत, बाकीचं फायनान्स करावं लागेल.

घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात साडेसात लाख किलोमीटर म्हणजे गाडी संपली, तो माणूस आपल्या गळ्यात मारतोय. भाऊ म्हणतो ट्रेलरचं मीटर बघून कुणी गाडी घेत नाही. मी पतपेढीत काम करतो, इंजिनातलं मला काही कळत नाही, पण कर्जाच्या कागदावर माझी सही लागणार आहे. नक्की काय बघायचं, आणि एवढी चाललेली गाडी घ्यावीच का, मनापासून सांगा.

कळंबोलीकर
एक महत्त्वाची गोष्ट लिहायची राहिलीये. साडेसात लाख चालली ती कुठे? पोर्टवरनं तळोजा, कळंबोली असं जवळचं काम की नागपूर, इंदूर, बंगळूर अशी लांब लाइन?

लांब लाइनची गाडी एकदा टॉपला पडली की तासन्‌तास एका लयीत चालते, इंजिन गरम असतं, तेलाचं प्रेशर नीट असतं, झीज कमी. पोर्टवाली गाडी गेटच्या रांगेत, यार्डात, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) पहिल्या-दुसऱ्यात रांगत असते, इंजिन चालू आणि मीटर जागच्या जागी. क्लच, ब्रेक, स्टार्टर, गिअरबॉक्स सगळं त्यात जातं. त्यामुळे पोर्टवरची साडेतीन लाखवाली गाडी लांब लाइनच्या आठ लाखवालीपेक्षा जास्त थकलेली असू शकते. तुमच्या गाडीचे वर्षाला ९०-९५ हजार पडतात, एवढं लोकल कामात सहसा होत नाही. म्हणजे लांब लाइनची असणार. मला तरी हे चांगलं लक्षण वाटतंय.

नुसता_वाचक
वडील गावाला ज्या एसटीने जातात तिचं मीटर एकदा कंडक्टरला विचारायला सांगा :)

घाटमाथा
माझं मत सरळ आहे, जुनी घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, नवीन गाडीत काही लाखांचा फरक पडला. नवीन गाडीला वॉरंटी, बीएस-६, आणि ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या जड गाड्यांना एसी केबिन सक्तीची. भाऊ स्वतः चालवणार आहे ना, मग एप्रिल-मे महिन्यात उरणच्या रांगेत पत्र्याच्या केबिनमध्ये का भाजून घ्यायचं? जुन्या गाडीत पहिल्या वर्षी पैसे वाचतात आणि पुढची तीन वर्षं गॅरेजवाला जगतो.

कळंबोलीकर
@घाटमाथा, एसीचं पटलं, शंभर टक्के. पण नवीन हॉर्स आणि ट्रेलर मिळून ३२ लाखांचं कर्ज धरा, साडेदहा टक्के, पाच वर्षं. हप्ता ६८-६९ हजार. एक गाडी, एक ड्रायव्हर, आणि पार्टी पैसे देणार ४५-६० दिवसांनी. एक महिना मंदी आली की संपला माणूस. शिवाय जीएसटी कमी झाल्यावर जुन्या गाड्यांचे भावही खाली आलेत, त्याचा फायदा घासाघीस करताना घ्या. साडेतेरा हा जुन्या दिवसांतला आकडा वाटतोय.

मिस्त्री_तेरा
गॅरेज आहे माझं, सोलापूर रोडला, हॉर्सची कामं रोज करतो. मोबाईलवरनं लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

मीटर विसरा. डिजिटल मीटर मागे करून देणारे ढिगाने आहेत, त्यामुळे मीटर कमी दिसलं तरी खूश होऊ नका आणि जास्त दिसलं तरी घाबरू नका. उलट मालक ७ लाख ६० हजार तसंच दाखवतोय म्हणजे निदान मीटरला हात लावलेला नाही असं धरायला जागा आहे.

आता बघायचं कसं. न सांगता सकाळी सहाला जा. इंजिनला हात लावा, गार पाहिजे. आधीच तापवून ठेवलं असेल तर तिथनंच परत फिरा. गार इंजिन किती सेल मारल्यावर उठतं बघा. धूर बघा, सुरुवातीचा थोडा पांढरा चालतो, दहा मिनिटांनी पण पांढरा येत राहिला तर पाणी जळतंय नाहीतर नोझल गेलेत. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, टर्बोची पाईप फाटली असेल तरी येतो, तो एवढा मोठा खर्च नाही.

मग तेलाचं झाकण उघडून बघा चालू इंजिनवर. बारीक वाफ चालते, पण भपकारे मारत असेल, झाकण उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, लायनर-पिस्टन गेले. डिपस्टिकचं तेल दुधासारखं दिसलं किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असला तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. टर्बोची पाईप काढून शाफ्ट बोटानं हलवा, पंखा बाहेरच्या कव्हरला घासला नाही पाहिजे.

पूर्ण इंजिन बांधायला दीड ते अडीच लाख धरा, क्रँक खराब निघाली तर वर. टाटा कमिन्सचा एक प्लांट आपल्या फलटणलाच आहे, स्पेअर आणि माणूस दोन्ही कुठेही मिळतं, ही या इंजिनाची जमेची बाजू. साडेसात लाखाला इंजिन एकदा उघडलं असेल तर कुठल्या गॅरेजला, काय काय बदललं, बिल आहे का विचारा. "उघडलंच नाही साहेब, कंपनी फिटिंग" असं कोणी अभिमानाने सांगितलं तर समजायचं ते काम आता तुमच्या खिशातनं होणार.

बीएस-४ आहे म्हणजे युरियाची सिस्टीम (धूर साफ करणारी) असणार. ती चालू आहे का चिप लावून बंद केलीये ते बघा. टाकीचं झाकण उघडा, धूळ आणि कोरडे पांढरे खडे दिसले तर कित्येक दिवस युरिया पडलेला नाही. स्कॅनर लावून फॉल्ट बघायला हजार-दीड हजार जातात, ते घालवा.

गाडी रिकामी चालवून काही कळत नाही. भरलेल्या कंटेनरसकट घ्या आणि चढाला लावा. चढावर गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, पाणी तापतं का. खाली उतरून सगळ्या हबला हात लावा, एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरतोय. क्राऊनचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) आवाज दोन्ही वेळा ऐका, रेस दिल्यावर आणि सोडल्यावर.

जासई_नाका
@मिस्त्री_तेरा, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली, प्रिंटही काढली.

@कळंबोलीकर, विचारलं मालकाला. सुरुवातीची चार-पाच वर्षं न्हावा शेवा ते नागपूर आणि हैदराबाद चालली, नंतर चाकण आणि रांजणगाव. लोकलला कधी घातली नाही म्हणतोय.

बार्शी_लाइट
त्याच्या म्हणण्यावर विसंबू नका, फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे पाच वर्षांचा प्रत्येक टोल नाका तारीख-वेळेसकट त्यात आहे. गाडी कुठल्या लाइनला होती, महिन्याला किती फिरली, मध्ये दोन-दोन महिने उभी होती का, सगळं कळतं. बँकेच्या पोर्टलवर जेवढं जुनं मिळेल तेवढं काढून द्यायला सांगा. नाही म्हणाला तर का नाही ते विचारा.

आता कागद. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून फिटनेस, टॅक्स, इन्शुरन्स, परमिट, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद), ब्लॅकलिस्ट, ई-चलन सगळं बघा. चलनं बघाच, ट्रेलरवर ती साठत जातात आणि ट्रान्सफरच्या वेळी तुमच्या डोक्यावर येतात. बोजा असेल तर फायनान्सवाल्याचं एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवरनं बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, मालक कितीही देवमाणूस असला तरी.

चेसिस नंबर स्वतः पेन्सिलने घासून कागदावर घ्या. आणि फक्त हॉर्सचा नाही, ट्रेलरचा पण! लाइनला ट्रेलरची अदलाबदल सर्रास होते. कागद एका ट्रेलरचे आणि मागे लागलेला दुसराच.

घाटमाथा
यात एक भर. २०१८ ची गाडी म्हणजे यंदा आठ वर्षं पूर्ण. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या ट्रान्सपोर्ट गाडीला पर्यावरण कर लागतो तोही आता सुरू होईल. कदाचित म्हणूनच मालक नेमकी आत्ता विकतोय.

बार्शी_लाइट
बरोबर आहे, पण त्यात वावगं काही नाही, सगळेच तो हिशोब करून विकतात. नॅशनल परमिटचं वय बघा ना. साध्या दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षं, मल्टी-एक्सलला १५. म्हणजे २०३३ पर्यंत ही गाडी परराज्यात जाऊ शकते, वर्षाला साडेसोळा हजार परमिट फी भरून. तीन-चार वर्षांचं कर्ज फेडून पण हातात वय उरतं. हीच गाडी २०१२ ची असती तर मी पण नको म्हणालो असतो.

फोंडेकार
नमस्कार, गोव्यातून. कमी किलोमीटरच्या मोहात पडणाऱ्यांसाठी लिहितोय. आमच्याकडे २०१२ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. सांगे, केपे, डिचोली भागात घरांच्या मागे टिपर रांगेने उभे राहिले. खूप जणांनी ते घेतले कारण मीटर कमी आणि भाव पाडलेला. वरून रंग, आत सगळं कुजलेलं. सील सुकून तडकलेले, टायरना बाजूने भेगा, एअर टाक्यांत पाणी, ब्रेक चेंबर गंजलेले, डिझेल टाकीत गाळ आणि तोच गाळ पंपात. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. माझ्या मामांनी असा एक टिपर रस्त्यावर आणेपर्यंत वर्ष गेलं. चालती गाडी कधीही बरी. तुमची गाडी आजच्या तारखेला कामावर आहे का, एवढं विचारून घ्या.

नुसता_वाचक
खाणी बंद पडल्यावर त्या लोकांचं पुढे काय झालं हो? टिपर कर्जावरच घेतले असतील ना सगळ्यांनी?

फोंडेकार
बहुतेकांनी कर्जावरच. सरकारने कर्जासाठी मदतीच्या योजना आणल्या, काहींना त्यातून सुटता आलं, काहींनी घरची जमीन विकली. ज्यांच्याकडे एकच टिपर आणि एकच खाण होती त्यांचे जास्त हाल झाले. या धाग्यात फार अवांतर होईल, पण म्हणूनच विचारतो, जासई_नाका, तुमच्या भावाला काम देणारी पार्टी एकच आहे का?

टेक्सासकर
डॅलसजवळ एका ट्रक कंपनीच्या मेंटेनन्स विभागात काम करतो. इकडे याला सेमी म्हणतात, आणि ५ लाख मैल म्हणजे ८ लाख किलोमीटर चाललेल्या गाड्या इथे रोज विकल्या जातात, त्याला कोणी म्हातारी म्हणत नाही. मोठ्या कंपन्या साधारण तेवढ्याला गाडी काढतात आणि एकटा मालक-ड्रायव्हर ती घेतो. इथलं १४.८ लिटरचं डेट्रॉइट डीडी१५ इंजिन बनवणारेच १२ लाख मैलांची भाषा करतात. अर्थात ५.९ लिटरच्या इंजिनाला तो आकडा लावू नका, छोटं इंजिन ४० टन ओढतं तेव्हा ते जास्त राबतं.

तिकडे सहसा करत नाहीत अशी एक गोष्ट सुचवतो. इंजिन ऑइलचा नमुना लॅबला द्या. तेलात तांबं, शिसं, लोखंड, सिलिकॉन, कूलंट किती आहे ते कळतं. शिसं-तांबं जास्त म्हणजे बेअरिंग झिजताहेत, सिलिकॉन जास्त म्हणजे फिल्टरमधून धूळ आत गेलीये. मुंबई-पुण्यात अशा लॅब आहेत आणि इंजिन बांधायच्या खर्चापुढे फी काहीच नाही. फक्त तेल नुकतंच बदललेलं नसावं, ताज्या तेलात काही सापडत नाही.

आणि घाटमाथा म्हणतात तो नियमांचा धोका इथेही आहेच. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून २०१० च्या आधीच्या इंजिनाचे जड ट्रक जवळपास बंदच केले. चालत्या, धडधाकट गाड्या मातीमोल भावात शेजारच्या राज्यांत गेल्या.

कळंबोलीकर
दिल्लीचं तसंच आहे. दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिकडे बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात इकडे यायला लागल्या. आता तर दिल्लीबाहेरच्या मालाच्या गाड्यांनाही बीएस-६ ची अट येतेय, बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सूट. भाऊ दिल्ली लाइन करणार नसेल तर आज अडत नाही, पण पुढे विकताना उत्तरेचं गिऱ्हाईक मिळणार नाही हे भाव ठरवताना डोक्यात ठेवा. घासाघीशीला हाही मुद्दा वापरा.

हिशेबी_ताई
आमच्या घरी चार ट्रेलर आहेत, सासऱ्यांपासूनचा धंदा, वह्या मी सांभाळते. इंजिनाबद्दल सगळं लिहून झालंय, मी पैशाचं लिहिते, कारण माझ्या पाहण्यात एक गाडीवाले इंजिनामुळे कमी आणि हातात रोख नसल्यामुळे जास्त बुडालेत.

साडेपाच लाख आहेत म्हणून साडेपाच भरू नका. गाडी तेराला तुटली असं धरा. चार भरा, नऊचं कर्ज करा, दीड लाख बाजूला. नऊ लाख, १५ टक्के रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज), ३६ महिने, हप्ता साधारण ३१,२०० येतो. आता फायनान्सवाला म्हणेल "ताई, ९ टक्केच लावतो". तो फ्लॅट असतो, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण नऊ लाखांवर व्याज. नऊ टक्के फ्लॅटने तीन वर्षांचं व्याज २ लाख ४३ हजार, हप्ता ३१,७५०, म्हणजे खरा दर सव्वासोळाच्या आसपास. तुम्ही पतपेढीत आहात, तुम्हाला हे माहीत असणारच, पण भाऊ एकटा गेला तर त्याला नऊ ऐकून बरं वाटेल. प्रोसेसिंग फी आणि सोबत चिकटवलेला विमा पण विचारा.

त्या दीड लाखातनं पहिल्याच महिन्यात काय जातं बघा. ४० टनांवरच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दरपत्रकात ४४,२४२ आहे, पूर्ण विमा त्याहून वर. म्हणून आत्ताचा विमा किती महिन्यांचा उरलाय ते बघा आणि तो नावावर करून घ्या. मग ट्रान्सफर, परमिट, बॅटऱ्या, तेल-फिल्टर. आणि टायर! १८ टायर आहेत, नवा रेडियल वीस हजारांच्या घरात धरला तर साडेतीन लाखांच्या वर माल फक्त टायरांत आहे. प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या, किती नवे, किती रिट्रेड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), किती मरणाच्या दारात. दोन गाड्या एकाच भावाच्या दिसल्या तर खरा फरक टायरात निघतो. आणि सौदा झाल्यावर तेच नंबर ताबा घेताना परत तपासा, रातोरात टायर बदलतात.

दर महिन्याला गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात दहा-बारा हजार टाका, गाडी नीट चालत असली तरी. आमच्याकडे हा नियम आहे आणि त्या खात्याला घरातला कोणीही हात लावत नाही, लग्न असो की दिवाळी.

आणि फोंडेकारांचा प्रश्न मलाही पडलाय. गाडी चांगली असून काम नसेल तर काय? दोन तरी ट्रान्सपोर्टर हवेत, आणि डिझेल ॲडव्हान्स कोण देतो ते आधी बोलून घ्या.

जासई_नाका
ताई, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. वडिलांनी दोनदा वाचायला लावला.

कामाचं सांगतो. सध्याचा मालक स्वतःच्या ट्रान्सपोर्टमध्ये गाडी अटॅच करायला तयार आहे, चाकणचं काम. डिझेल तोच भरून देणार, बाकी पैसे महिन्याने. दुसरी एक तळोज्याची पार्टी आहे, तिच्याशी भाऊ बोलतोय.

डिझेल_आणि_चहा
तळोज्याचा माल जड असतो, जरा जपून. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने एक्सल लोड वाढवला, ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ ची ५५ टन झाली. त्यामुळे २०१८ ची गाडी आधीची की नंतरची यात फरक आहे. लोक तोंडी काहीही सांगतात, आरसीवर ग्रॉस (गाडी आणि माल मिळून वजन) किती छापलंय तेच खरं. ४०,२०० किलो असेल तर हॉर्स आणि ट्रेलर मिळून १३ टन धरा, २० फुटी डबा सव्वादोन टन, म्हणजे आत माल २५ च्या खाली. आणि पार्टी डब्यात २७ भरून देते! ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या कायद्यात २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार. दंड पार्टी भरत नाही, गाडीवाला भरतो. आणि अशा भाराने चेसिस जाते ती वेगळीच.

विकणाऱ्याने ही गाडी अशीच चालवलीये का, ते ट्रेलरच्या बीमवर दिसतं. जिथे बीम वर वळून हॉर्सवर बसतो त्या मानेपाशी टॉर्च मारून बघा, वेल्डिंगवर वेल्डिंग, पट्ट्या मारलेल्या, नवीन रंग फक्त तेवढ्याच भागाला, असं दिसलं तर ओव्हरलोडची गाडी. हॉर्सची चेसिस फिफ्थ व्हीलच्या (ट्रेलर जिथे जोडतात त्या ताटलीच्या) खाली बघा. ट्विस्ट लॉक (डबा ट्रेलरला जखडणारे खटके) सगळे फिरतात का बघा. एक जरी अडकलेला असला तरी घाटाच्या वळणावर डबा गाडी सोडतो, आणि खाली कोण असेल सांगता येत नाही. यात तडजोड नको, किंमत कितीही कमी केली तरी.

मिस्त्री_तेरा
+१. फिफ्थ व्हीलचा जबडा आणि ट्रेलरची किंग पिन (त्या जबड्यात अडकणारी खुंटी) पण बघा. हॉर्सचा ब्रेक धरून मागे-पुढे झटका द्या, खाडकन आवाज आला तर झीज आहे. पिन दोन इंची असते, गेजने मोजता येते. हे मी वर लिहायचं राहिलं.

नुसता_वाचक
एनएल पासिंगचा ट्रेलर निम्म्या भावात मिळतो म्हणतात, तो का नको?

बार्शी_लाइट
नागालँड पासिंगच्या गाड्या लाइनला भरपूर दिसतात, सगळ्या वाईट नसतात. पण एनओसी तिकडून आणायची, टॅक्स इकडे भरायचा, पत्ता भलत्याचाच निघतो, फायनान्सवाले नाक मुरडतात. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. निम्म्या भावात कोणी काही देत नाही, उरलेला अर्धा नंतर भरावा लागतो.

घाटमाथा
मी अजूनही नवीनच्या बाजूने आहे, पण ताईंचं गणित वाचून एवढं मान्य करतो की साडेपाच लाखांत नवीन गाडी यांना झेपणार नाही. मग तिसरा पर्याय, वर्षभर थांबा, भाऊ नोकरी करतोय, अजून तीन लाख जमवा आणि २०२१ ची बीएस-६ बघा.

कळंबोलीकर
बीएस-६ जुनी घेताना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि सेन्सरचा खर्च बघितलाय का? मिस्त्रींना विचारा.

मिस्त्री_तेरा
बीएस-६ ची जुनी गाडी मी पाहुण्याला तरी अजून सुचवत नाही. वॉरंटी संपलेली, एक नॉक्स सेन्सर (धुरातला वायू मोजणारा) गेला की गाडी लिंप मोडवर, म्हणजे जोर कमी करून रांगणार, आणि तुम्ही शोरूमच्या दारात. आमच्यासारख्या गॅरेजला अजून सगळे स्कॅनर परवडत नाहीत. बीएस-४ मधलं तरी आम्हाला कळतं. पाच वर्षांनी कदाचित वेगळं बोलेन.

जासई_नाका
मंडळी, गाडी बघून आलो. भाऊ, त्याच्या ओळखीचे एक मिस्त्री आणि मी. सगळं यादीप्रमाणे केलं.

सकाळी न सांगता गेलो, इंजिन गार होतं, दुसऱ्या सेलला उठलं. धूर सुरुवातीला थोडा पांढरा, मग साफ. तेलाच्या झाकणाला वाफ आहे पण मिस्त्री म्हणाले चालण्यासारखी, अजून वर्ष-दीड वर्ष खेचेल. इंजिन ५ लाखाला एकदा उघडलंय, बिल दाखवलं, लायनर-पिस्टन आणि बेअरिंग आहेत त्यात, क्रँकला हात लावलेला नाही. युरिया चालू आहे. भरलेला डबा घेऊन एक्सप्रेसवेच्या घाटातून खंडाळ्यापर्यंत नेली, पाणी तापलं नाही, गिअर सुटला नाही, क्लच मात्र शेवटाला आलाय. मागच्या एक्सलचा डावा हब चांगलाच तापला होता.

फास्टॅगचं स्टेटमेंट तीन वर्षांचं मिळालं, चाकण-रांजणगाव आहे, खोटं बोलला नाही. १८ पैकी ७ टायर बरे, बाकी रिट्रेड. आरसीवर ग्रॉस ४०,२००. ई-चलनं आहेत, भरून देतो म्हणाला.

अडचण ट्रेलरची निघाली. बार्शी_लाइट यांनी लिहिलं होतं म्हणून चेसिस नंबर घासला, शेवटचे आकडे कागदाशी जुळत नाहीत. मालक म्हणतो त्याच्या दुसऱ्या गाडीचा ट्रेलर आहे, यार्डात अदलाबदल झाली. मानेवर दोन्ही बाजूंना पट्ट्या मारलेल्या आहेत. भाऊ जरा नाराज झाला, त्याला गाडी आवडलीये.

हिशेबी_ताई
नाराज व्हायचं कारणच नाही, तीन वर्षांचा हप्ता सुरू व्हायच्या आधी कळलं. हॉर्स चांगला आहे तर हॉर्सचाच सौदा करा. कागदातला मूळ ट्रेलर आणून दाखव म्हणा, तो ठीक निघाला तर तो लावून भाव ठरवा. नाही आणला तर सोडा.

डिझेल_आणि_चहा
पट्ट्या मारलेला ट्रेलर कागद जुळले तरी घेऊ नका, परत सांगतो.

मिस्त्री_तेरा
क्लच सेट आणि हबचं काम मिळून पन्नास-साठ हजार धरा, तेवढे भावातनं कापा. हब उघडल्याशिवाय कळणार नाही बेअरिंग आहे का लायनर, म्हणून मालकाकडनंच करून घेतलं तर जास्त चांगलं, पण करताना भाऊ समोर उभा पाहिजे. इंजिनाला मी पास म्हणतो. वाफ आहे तर तेल बदलायचा कालावधी कमी ठेवा आणि डिपस्टिक रोज बघा.

जासई_नाका
झालं बोलणं. मूळ ट्रेलर खोपोलीला दुसऱ्या हॉर्सला लागलाय, रविवारी रिकामा होईल, तेव्हा बघायला जाणार. मालक क्लच आणि हब करून द्यायला तयार आहे, आणि बाराला आला. वडील म्हणाले रविवारी मी पण येतो. टोकन अजून दिलेलं नाही. बोजा एका फायनान्स कंपनीचा आहे, तीन हप्ते बाकी, ते आमच्या पैशातनं भरा म्हणतोय.

बार्शी_लाइट
ते पैसे मालकाच्या हातात किंवा खात्यात देऊ नका, थेट त्याच्या कर्ज खात्यावर भरा आणि पावती तुमच्याकडे ठेवा. त्याआधी फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करायची नेमकी रक्कम लेखी घ्या, कधीकधी हप्त्यांच्या वर दंडाचं व्याज असतं. आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीचं कर्ज याच कंपनीत असेल तर ते मिटेपर्यंत या गाडीची एनओसी अडवून ठेवतात, ते पण विचारून घ्या.

जासई_नाका
दुसऱ्या गाडीचं लक्षातच आलं नव्हतं. उद्याच ब्रँचला जाऊन विचारतो.

नुसता_वाचक
माझ्या साडूला १० टायर टिपर घ्यायचाय, २०१५ चा, त्याचं पण इथेच विचारू का?

कळंबोलीकर
वेगळा धागा काढा, आणि आधी फास्टॅगचं स्टेटमेंट मागवा.